कडेवर नजर ठेवा: पुण्याच्या गच्चीवरून चंद्र-सूर्याची किनार कशी वाचायची

नवी दुर्बीण घरात आली की पहिल्या रात्री सगळे चंद्राच्या मधोमध बघतात. विवरं दिसतात, मुलं ओरडतात, शेजारी एकेक करून डोळा लावून जातात. मग थोड्याच दिवसांत प्रश्न येतो, आता पुढे काय? पुण्यात तो जरा लवकरच येतो. कोथरूड असो की खराडी, शहराच्या उजेडात तेजोमेघ आणि दीर्घिका जवळपास पुसल्या गेल्या आहेत. अशा वेळी मी एकच सांगतो: बिंबाच्या कडेकडे बघायला शिका.

याला कारण आहे. बिंबाच्या मध्यावर आपण त्या गोलाकडे थेट वरून बघत असतो. तिथे उंची-खोली दिसते ती फक्त सावल्यांमधून. कडेवर मात्र आपली नजर पृष्ठभागाला घासून आडवी जाते. डोंगराची खरी उंची, वातावरण आहे की नाही, तापमान वरच्या थरांत वाढतं की घटतं, हे सगळं या आडव्या नजरेलाच कळतं. शिवाय चंद्र-सूर्याची कड इतकी ठसठशीत असते की शहराच्या उजेडाचा तिच्यावर काही परिणाम होत नाही. सिंहगडावर किंवा पानशेतला जायची गरज नाही, सोसायटीच्या गच्चीची किल्ली मिळाली की काम सुरू.

साधनं आणि गच्ची

सुरुवातीला १०×५० ची द्विनेत्री आणि ती पक्की बसेल असा ट्रायपॉड पुरतो. हातात धरलेल्या द्विनेत्रीतून कड थरथरते आणि बारीक काहीच कळत नाही, म्हणून ट्रायपॉडवर कंजूषपणा करू नका. पुढे ६० ते ८० मिलिमीटरची भिंगाची दुर्बीण किंवा ६ इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) घेतलीत, तर या लेखातलं जवळपास सगळं करता येईल. फोनवर स्टेलॅरियम हे आकाशाचा नकाशा दाखवणारं ॲप हवं, आवाज रेकॉर्ड करायची सोय हवी आणि जवळ एक वही हवी.

गच्चीबद्दल थोडं सांगायला हवं. स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळनंतर बराच वेळ ती उष्णता वर सोडत राहतो. दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी वर नेऊन ठेवा म्हणजे आरसा आणि नळी हवेच्या तापमानाला येतील. शेजारच्या इमारतीच्या एसीच्या बाहेरच्या युनिटवरून किंवा पत्र्यावरून नजर जात असेल तर जागा बदला. बिंब क्षितिजापासून निदान ३० अंश वर येऊ द्या. पावसाळ्याचे चार महिने फारसं हाती लागत नाही. दसऱ्याच्या सुमारास आकाश उघडायला लागतं आणि दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत भरपूर रात्री मिळतात.

पहिल्याच रात्री एक गोष्ट करा. चंद्राची कड जास्तीत जास्त मोठी करून दोन मिनिटं फक्त बघत राहा. ती उकळल्यासारखी हलताना दिसेल. ही हालचाल चंद्राची नाही, आपल्याच हवेची आहे. गार-गरम हवेचे थर एकमेकांत मिसळतात आणि प्रकाश किंचित वाकत राहतो. कड किती उकळते यावरून त्या रात्री किती मोठेपणा वापरायचा ते ठरवा. जोरात उकळत असेल तर कमी पॉवरची नेत्रिका, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावा. मधूनमधून हवा क्षणभर स्थिर होते आणि सगळं लख्ख दिसतं. त्या क्षणांची वाट बघणं हीच निरीक्षकाची पहिली सवय.

चंद्राच्या दोन बाजू आधी पक्क्या करा

नवख्या माणसाचा सर्वांत मोठा गोंधळ दिशांचा होतो. आकाशातली पूर्व आणि चंद्राच्या नकाशातली पूर्व एकमेकींच्या उलट्या आहेत, त्यात डॉब्सोनियन चित्र उलटं करते आणि भिंगाच्या दुर्बिणीला लावलेला डायगोनल आरसा डावं-उजवं बदलतो. म्हणून पूर्व-पश्चिम काही काळ बाजूला ठेवा आणि दोन खुणा लक्षात घ्या. एका कडेजवळ क्रायसियम नावाचा गडद, लंबगोल, सुटा डाग आहे. तो शुक्ल चतुर्थी-पंचमीच्या चंद्रावर साध्या द्विनेत्रीतूनही दिसतो. समोरच्या कडेजवळ ग्रिमाल्डी नावाचं काळपट तळाचं विवर आहे, ते पौर्णिमेच्या आसपास सहज सापडतं. यापुढे 'क्रायसियमची कड' आणि 'ग्रिमाल्डीची कड' एवढंच म्हणू. दुर्बीण कुठलीही असो, या खुणा फसवत नाहीत.

आता क्रायसियमकडे नीट बघा. तो उत्तर-दक्षिण लांबट वाटतो. प्रत्यक्षात त्याची लांबी पूर्व-पश्चिम दिशेला जास्त आहे. कडेजवळ असल्यामुळे आपण त्याला तिरपं बघतो आणि त्याची एक बाजू दबलेली दिसते. कडेवरचं काहीही पाहताना हा हिशेब मनात ठेवावा लागतो.

याचा उत्तम सराव दक्षिण कडेवर होतो, आणि तिथे बघायला भारतीय माणसाकडे खास कारण आहे. शुक्ल नवमी-दशमीच्या सुमारास टायको विवरापासून दक्षिण कडेकडे निघा. वाटेत क्लॅव्हियस लागेल, त्याच्या पलीकडे मोरेटस. तिथून कडेला समांतर राहून क्रायसियमच्या बाजूला सरकत गेलात की मॅन्झिनस हे विवर येतं. ते जवळपास १०० किलोमीटर रुंद आणि बरंचसं गोल आहे, पण आपल्याला एका दिशेने तिपटीने चेपलेलं दिसतं. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ चा विक्रम उतरला तो याच परिसरात, चंद्राच्या ६९ अंश दक्षिण अक्षांशावर. यान अर्थातच पृथ्वीवरच्या कुठल्याही दुर्बिणीतून दिसणार नाही. पण त्या दिवशी टीव्हीसमोर श्वास रोखून बसलेल्या प्रत्येकाने ही जागा एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघावी. ती कडेच्या किती जवळ आहे हे पाहिलं की तिथे सूर्य कधीच फार वर का चढत नाही आणि सावल्या इतक्या लांब का पडतात, ते लगेच उमगतं.

अजून थोडं पुढे, अगदी कडेवर या. तिथे चंद्राची रेषा गुळगुळीत नाही, तिला उंचवटे आणि खाचा आहेत. चंद्राच्या अंतरावर एक विकला, म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, साधारण १.९ किलोमीटर भरतो. दक्षिण ध्रुवाजवळचे काही डोंगर ६ किलोमीटरपर्यंत उंच आहेत, म्हणजे ते कडेच्या बाहेर तीनेक विकला डोकावतात. हवा शांत असेल तर ८० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून त्यांचे उंचवटे सरळ बाजूने दिसतात.

चंद्राची कड रोज तीच नसते

चंद्राची एकच बाजू आपल्याकडे असते हे शाळेत शिकवतात. ते जवळपास खरं आहे. चंद्र स्वतःभोवती एका गतीने फिरतो, पण त्याची कक्षा लंबगोल असल्याने पृथ्वीभोवतीची त्याची गती कमी-जास्त होते. त्याचा आस कक्षेला थोडा कललेलाही आहे. त्यामुळे तो आपल्याला डावीकडे-उजवीकडे सुमारे ८ अंश आणि वर-खाली सुमारे ७ अंश डोलताना दिसतो. याला लायब्रेशन म्हणतात. त्याच्या कृपेने काही काळात मिळून चंद्राचा ५९ टक्के पृष्ठभाग आपल्याला दिसू शकतो. ५० टक्क्यांवरचे हे ९ टक्के सगळे कडेवरचे.

हे मोजायला काहीही लागत नाही. क्रायसियम आणि कड यांमधली मोकळी पट्टी वहीत काढून ठेवा. पुढच्या महिन्यांत जमेल तेव्हा पुन्हा काढा. डोलण्यात क्रायसियमची बाजू आपल्याकडे वळलेली असेल तेव्हा ही पट्टी, विरुद्ध असतानाच्या मानाने तिप्पट-चौपट रुंद दिसते. पट्टी रुंद असेल त्या रात्री तिच्यात मार्जिनिस आणि स्मिथाय हे दोन पातळ काळे पट्टे शोधा. त्याच तर्काने ग्रिमाल्डीची बाजू आपल्याकडे वळलेली असेल तेव्हा त्याच्या दक्षिणेला, कडेवर, ओरिएंटालेच्या डोंगररांगा शोधा. हे चंद्रावरचं एक प्रचंड आघातखोरं आहे, पण मुख्यतः पलीकडच्या बाजूला असल्याने आपल्या वाट्याला फक्त त्याचा काठ येतो. लायब्रेशन कधी अनुकूल आहे ते चंद्राच्या नकाशाच्या बहुतेक ॲपमध्ये कळतं.

कोजागिरीला गच्चीवर सगळे जमतातच. त्या रात्री दूध आटेपर्यंत एक प्रयोग करून घ्या. पूर्ण चंद्राकडे बघा आणि मध्य उजळ आहे की कड, ते सांगायचा प्रयत्न करा. चंद्र चेंडूसारखा गोल असूनही ताटासारखा सपाट दिसेल, कडेपर्यंत सारख्याच उजेडाचा. याचं कारण त्याच्या खडबडीत धुळीत आहे. पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागे असतो आणि प्रत्येक कणाची सावली त्याच कणामागे लपते, त्यामुळे कडेवरची जमीनही आलेला प्रकाश आपल्याकडेच परत फेकते. सूर्यबिंबाची कड याच्या नेमकी उलट वागते. तिकडे पुढे जाऊच.

पिधान: कडेवर तारा विझतो तो क्षण

या सगळ्यात मला सर्वांत प्रिय ही पायरी आहे, म्हणून तिथे जरा थांबतो.

चंद्र ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकतो, तासाला साधारण स्वतःच्या बिंबाएवढा. वाटेत एखादा तारा आला की चंद्र त्याला झाकतो. हे पिधान. अमावस्येनंतर पौर्णिमेपर्यंत ग्रिमाल्डीची कड पुढे असते आणि ती अंधारी असते. त्यामुळे शुक्ल पक्षात तारा अंधाऱ्या कडेमागे नाहीसा होतो आणि उजेडाचा त्रास होत नाही. पौर्णिमेनंतर उलट होतं: तारा उजळ कडेमागे जातो आणि क्रायसियमच्या अंधाऱ्या कडेतून बाहेर येतो. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत जागलात तर पुढे रात्री एखादा तारा असा बाहेर येताना मिळू शकतो. पण सुरुवात शुक्ल पक्षानेच करा. तारा कुठून बाहेर येणार यावर आधीपासून नजर रोखून बसणं जरा अनुभवाचं काम आहे.

शुक्ल तृतीया ते सप्तमी हे दिवस उत्तम. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. पुण्याच्या अक्षांशावर कोर बरीचशी आडवी पडलेली असते, उजळ बाजू खाली आणि अंधारी बाजू वर. पृथ्वीवरून परावर्तित झालेल्या उजेडात अंधारा भागही राखाडी दिसतो, म्हणजे न उजळलेली कडही दुर्बिणीत स्पष्ट असते. स्टेलॅरियममध्ये ठिकाण पुणे ठेवा, वेळ पुढे सरकवा आणि कोणता तारा कडेला टेकतो ते बघा. द्विनेत्रीला पाचव्या-सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे चालतील (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तसा तारा मंद), ६ इंची दुर्बिणीला त्याहून मंदही.

मग दुर्बीण ताऱ्यावर लावून बसा. तारा आणि राखाडी कड यांतलं अंतर कमी होत जातं. शेवटच्या मिनिटात तारा कडेला चिकटल्यासारखा वाटतो आणि तिथेच अडकून राहतो. आणि मग तो नसतो. मंद होत नाही, लाल होत नाही, लुकलुकत नाही. पहिल्यांदा बघणारा माणूस हटकून डोळे चोळतो, आपली पापणी मिटली की काय म्हणून. या अचानकपणातच दोन गोष्टी सिद्ध होतात. चंद्राला नाव घेण्याजोगं वातावरण नाही, असतं तर तारा आधी फिका पडला असता, किंचित सरकला असता. आणि तारा आपल्यासाठी जवळजवळ बिंदू आहे, त्याच्या बिंबाला झाकायला वेळच लागत नाही.

जवळजवळ म्हटलं, कारण ज्येष्ठा अपवाद आहे. वृश्चिकेतला हा लाल महाराक्षसी तारा इतका मोठा आहे की आपल्या आकाशात तो विकलेच्या सुमारे २५ व्या भागाएवढा दिसतो. त्याला झाकायला चंद्राला सेकंदाचा अंदाजे दहावा भाग लागतो. डोळ्याला हे अगदी ओझरतं जाणवतं, कॅमेऱ्यात स्पष्ट येतं. ज्येष्ठेला एक सोबतीही आहे, तिच्या तेजात हरवणारा. १८१९ मध्ये योहान टोबियास ब्युर्ग यांनी पिधानाच्या वेळी तो मुख्य ताऱ्याच्या काही सेकंद आधी बाहेर येताना पाहिला. चंद्राच्या कडेने त्या दोघांना वेगळं करून दाखवलं. तुम्हालाही एखादा तारा दोन टप्प्यांत विझताना दिसला तर लगेच नोंद करा, तो जोडतारा असू शकतो.

कोणते ठळक तारे झाकले जाऊ शकतात? चंद्राच्या वाटेवरचे चार: रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा. शिवाय कृत्तिकांचा पुंजका. चंद्राच्या कक्षेचा कल १८.६ वर्षांच्या चक्रात फिरतो, त्यामुळे प्रत्येकाची पाळी काही वर्षं येते आणि मग दीर्घ सुट्टी. चंद्राच्या लाडक्या रोहिणीची मागची मालिका २०१८ ला संपली, पुढची २०३३ ला सुरू होईल. ज्येष्ठेची मालिका २०२८ पर्यंत आणि कृत्तिकांची २०२९ पर्यंत चालणार आहे. यातली प्रत्येक घटना पुण्यातून दिसेल असं नाही, म्हणून तारीख तपासा. कृत्तिकांचं पिधान मिळालं तर सोडू नका, एकामागून एक तारे विझत जातात.

आता वेळ नोंदवायची. फोनवर आवाज रेकॉर्ड करायला लावा आणि दुसऱ्या फोनवर इंटरनेटशी जुळवलेलं घड्याळ ठेवा. सोबतीला बसलेल्या माणसाने दर दहा सेकंदांनी वेळ मोठ्याने म्हणावी आणि तारा गेला की तुम्ही "गेला!" म्हणा. नंतर रेकॉर्डिंग ऐकून सेकंद काढता येतो. हे घरगुती वाटलं तरी त्याची किंमत कमी नाही. चंद्र कक्षेत सेकंदाला साधारण १ किलोमीटर सरकतो. वेळ दशांश सेकंदापर्यंत बरोबर असेल तर चंद्राची कड तुम्ही १०० मीटरच्या आसपास अचूक ठरवली, तीही ४ लाख किलोमीटरच्या घरातल्या अंतरावरून. डोळ्याने पाहून बोलायला तीन-चार दशांश सेकंद जातातच, म्हणून नंतर फोन किंवा साधा व्हिडिओ कॅमेरा नेत्रिकेला जोडायला शिका.

एखादा मित्र हडपसरला आणि तुम्ही वाकडला असाल तर दोघांनी एकाच पिधानाची वेळ नोंदवा. वीसेक किलोमीटरच्या अंतरामुळे तारा कडेच्या किंचित वेगळ्या जागी झाकला जातो आणि वेळाही वेगळ्या येतात. याहून थरारक म्हणजे घासून जाणारं पिधान: तारा चंद्राच्या उत्तर किंवा दक्षिण कडेला नुसता घासतो आणि डोंगरांमागे जात-येत, दऱ्यांमधून डोकावत, अनेकदा उघडझाप करतो. त्यासाठी एका अरुंद पट्ट्यात जाऊन उभं राहावं लागतं. पाच-सहा जण काही अंतराने उभे राहिले तर सगळ्यांच्या वेळांवरून कडेवरच्या त्या डोंगराचा आडवा नकाशा तयार होतो. नवख्यांनी हे एकट्याने न करता अनुभवी गटासोबत करावं.

या युक्तीची मोठी परंपरा आहे आणि तिचा एक धागा पुण्यात येतो. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथल्या रेडिओ दुर्बिणीने ३सी २७३ या रेडिओ स्रोताचं चंद्राआड जाणं टिपलं. त्यावरून त्याची नेमकी जागा कळली आणि पुढच्याच वर्षी तो क्वेसार, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेचा प्रखर गाभा, असल्याचं उघड झालं. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उटीजवळच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण उभी केली तीही याच कामासाठी. दूरच्या रेडिओ दीर्घिकांचे आकार मोजायला चंद्राच्या कडेचा धारेसारखा उपयोग करायचा, हा तिचा मूळ हेतू होता. तेच स्वरूप पुढे पुण्यात आले, विद्यापीठाच्या आवारात रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र उभं राहिलं आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण झाली. १० मार्च १९७७ ला युरेनस एका ताऱ्यासमोरून गेला तेव्हा तारा ग्रहाच्या कडेला पोचायच्या आधी आणि नंतरही काही वेळा मंद झाला. त्यातून युरेनसची कडी सापडली, आणि तामिळनाडूतल्या कावलूरहूनही त्या रात्री निरीक्षण झालं होतं. तुम्ही गच्चीवर करताय ते याच जातीचं काम आहे.

सूर्याची कड: आधी नियम, मग मौज

सूर्याकडे दुर्बिणीतून किंवा द्विनेत्रीतून थेट बघायचं नाही, क्षणभरही नाही. डोळ्याचा पडदा जळतो आणि जळताना दुखत नाही. एक्स-रेची फिल्म, काळी काच, गॉगल यांतलं काहीही चालत नाही. नेत्रिकेत बसवायचा छोटा काळा फिल्टर जुन्या दुर्बिणीसोबत आला असेल तर फेकून द्या, तो उष्णतेने तडकू शकतो. नवख्यासाठी सुरक्षित मार्ग प्रतिमा पाडण्याचा.

भिंगाची छोटी दुर्बीण घ्या. तिचा फाइंडर, म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, झाकून टाका किंवा काढून ठेवा. दुर्बिणीच्या सावलीचा आकार सर्वांत लहान होईपर्यंत ती वळवा, मग नेत्रिकेतून प्रकाश बाहेर पडेल. एक पांढरा जाड कागद मागे धरा आणि बिंब साधारण १५ सेंटिमीटरचं होईल इतकं अंतर ठेवा. नेत्रिका साधी, जुन्या पद्धतीची असावी, प्लॅस्टिकचे भाग असतील तर वितळतात. आरशाची मोठी दुर्बीण यासाठी वापरू नका. आणि लहान मुलं आसपास असतील तर मोठ्या माणसाने दुर्बिणीपासून हलायचं नाही.

कागदावर बिंब आलं की दुर्बीण सोडून द्या. बिंब सरकत जाईल आणि दोनेक मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढं पुढे जाईल. जी कड पुढे पळते ती पश्चिम. आता कोजागिरीचा प्रश्न पुन्हा विचारा: मध्य उजळ की कड? इथे उत्तर लगेच मिळतं. मध्य पांढराशुभ्र आणि कड मळकट, किंचित तपकिरी. मध्यावर आपली नजर सूर्याच्या खोलच्या, जास्त तापलेल्या थरापर्यंत पोचते. कडेवर ती तिरपी जाते आणि वरच्या, तुलनेने थंड थरातच अडकते. म्हणजे सूर्याच्या दृश्य थरात वर जावं तसं तापमान उतरतं, हे एका कागदाच्या तुकड्यावर दिसलं. उलट, अतिनील किरणांतल्या अवकाशयानांच्या चित्रांत कोरोनाची, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या वातावरणाची, कड उजळ असते, कारण तो वायू विरळ आणि पारदर्शक आहे आणि कडेवर आपल्या नजरेच्या वाटेत तो जास्त येतो.

मग कड इतकी रेखीव कशी, सूर्याला तर घन पृष्ठभागच नाही? ज्या थरातून प्रकाश निसटतो तो जेमतेम काहीशे किलोमीटर जाडीचा आहे आणि सूर्याच्या अंतरावर एक विकला म्हणजे सुमारे ७२५ किलोमीटर. संपूर्ण संक्रमण आपल्या दुर्बिणीच्या नजरेत एका रेषेत मावतं.

कडेजवळ पांढरट शिरांसारखे डाग दिसले तर ते फॅक्युली. मध्यावर ते हरवतात, मळकट कडेच्या पार्श्वभूमीवर उठून येतात. एखादा सौरडाग कडेकडे जात असेल तर रोज त्याचं चित्र काढा. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. कडेजवळ पोचताना बऱ्याच डागांची बिंबमध्याकडची राखाडी किनार अरुंद होते. ग्लासगोच्या अलेक्झांडर विल्सन यांनी १७६९ मध्ये हे पाहिलं आणि डाग म्हणजे खळगा असावा असा अर्थ लावला.

पुण्याला या कडेचा वारसाही आहे. आजच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेचं पूर्वरूप असलेल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती. कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे संचालक. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी ते सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. चंद्र सूर्याला पूर्ण झाकतो त्या क्षणी कडेवरचा पातळ रंगीत थर, क्रोमोस्फिअर, काही सेकंदच उघडा पडतो आणि वर्णपटातल्या एरवी काळ्या दिसणाऱ्या रेषा एकदम झळकतात. त्या काळात हे टिपायला जगभरातले लोक महाराष्ट्रात तळ ठोकून होते. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली आणि तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली.

हेलियमची गोष्टही कडेचीच. विजयदुर्गावरून नॉर्मन लॉकियर यांनी हेलियम शोधला असं आपल्याकडे सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रासाचा पट्टा विजयदुर्गावरून गेला हे खरं, पण लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. पियरे जान्सेन यांनी गुंटूरहून कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला आणि लॉकियर यांनी २० ऑक्टोबरला, ग्रहणाशिवाय, इंग्लंडमधूनच तो मिळवला. त्यातली पिवळी रेषा कुठल्याही माहीत मूलद्रव्याची नव्हती. तोच हेलियम, पृथ्वीवर तो १८९५ मध्ये हाती आला. आज भारताच्या आदित्य-एल१ या सौरयानावरचं व्हीईएलसी हे उपकरण कृत्रिम चकतीने सूर्यबिंब झाकून कडेबाहेरचा कोरोना बघतं, आणि त्याच यानावरची सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत घडली.

ग्रह आणि मावळता सूर्य

गुरू दुर्बिणीत आला की तो गोल नाही हे पाहा. विषुववृत्ताचा व्यास सुमारे १,४३,००० किलोमीटर, ध्रुवांमधला १,३३,७००. दहा तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरल्याने तो मधे फुगला आहे. कडेला उजेडही कमी दिसतो, कारण तिथे आपण ढगांवरच्या धुक्यातून तिरपं बघतो. आयो हा उपग्रह गुरूच्या कडेमागे जाताना घड्याळ लावा: ताऱ्यासारखा तो पटकन विझत नाही, साडेतीन मिनिटं घेतो. त्याचा व्यास ३,६४० किलोमीटर आणि वेग सेकंदाला १७ किलोमीटर. भागाकार करून बघा.

शुक्राच्या कडेवरून १७६१ च्या अधिक्रमणात, म्हणजे ग्रह सूर्यबिंबासमोरून जाताना, मिखाईल लोमोनोसोव यांनी त्याच्या वातावरणाचा निष्कर्ष काढला होता. शुक्राचं पुढचं अधिक्रमण २११७ मध्ये. बुधाचं मात्र १३ नोव्हेंबर २०३२ ला आहे, आपल्याकडे दुपारी, दिवाळीनंतरच्या निरभ्र आकाशात. बुध सूर्याच्या कडेला टेकतो तेव्हा त्याच्याभोवती शुक्रासारखी उजळ कमान दिसत नाही, कारण तिथे तसं वातावरणच नाही. त्याआधी २१ मे २०३१ ला केरळ-तामिळनाडूतून कंकणाकृती ग्रहण आहे. कंकण जुळताना आणि तुटताना चंद्राच्या कडेवरच्या दऱ्यांमधून सूर्याचे मणी चमकतात, हेच बेलीचे मणी. लायब्रेशनच्या पट्टीचा आणि पिधानाचा सराव झालेल्याला त्यातला प्रत्येक मणी म्हणजे एक दरी हे सांगावं लागत नाही.

वेताळ टेकडीवरून सूर्यास्त बघायला जाणाऱ्यांसाठी एक काम. क्षितिजावरचा सूर्य लंबगोल दिसतो, कारण हवा खालच्या कडेला वरच्या कडेपेक्षा जास्त उचलून दाखवते. क्षितिजावर हे उचलणं अर्ध्या अंशाहून जास्त असतं, म्हणजे खालची कड टेकलेली दिसते तेव्हा बिंब प्रत्यक्षात क्षितिजाखाली गेलेलं असतं. वेळापत्रकातला सूर्यास्त वरची कड नाहीशी होण्याचा असतो. बिंब टेकल्यापासून ते पूर्ण जाईपर्यंत पुण्यात सव्वादोन मिनिटांच्या आसपास लागतात. द्विनेत्री इथेही सूर्यावर रोखायची नाही.

वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, ठिकाण, दुर्बीण, नेत्रिका, कड किती उकळत होती, आणि काय दिसलं. पिधानाच्या नोंदीत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश फोनवरून घेऊन लिहा, नाहीतर वेळेला अर्थ राहत नाही. न दिसलेलंही लिहा: ढग आले, तारा सापडला नाही, शंका वाटली. चित्र काढता येत नाही म्हणून थांबू नका, कडेचं चित्र म्हणजे एक वक्र रेषा आणि तिच्यावरचे चार उंचवटे.

एकट्याने अडलं तर टिळक रोडवर टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांचं हक्काचं ठिकाण. तिथे जाऊन पिधानाची वेळ कशी काढतात ते विचारा आणि जाताना स्वतःची वही न्या. येत्या शुक्ल पंचमीच्या संध्याकाळी गच्चीची किल्ली मागून ठेवा आणि क्रायसियमपासूनच्या पट्टीचं पहिलं चित्र काढा.